एकाच सीटची गाडी

इम्रानचा फोन आला तेव्हा मी अंगणात तुरीच्या ओल्या शेंगा सोलत बसले होते. इम्रान म्हणजे शेजारच्या याकूबभाऊंचा मुलगा. नागपूरला नोकरीला असतो, आणि एरवी मला त्याचा फोन येतो तो बहुधा ईदलाच. "मॅडम, घरी आहा ना?" त्यानं विचारलं. "हाव, काऊन रे?" मी म्हणाले. "आमच्या घराची चावी तुमच्याजवळच असते ना?" मी हो म्हटलं. मागून गाड्यांचा आवाज येत होता, म्हणजे भर कामाच्या दिवशी दुपारी तो रस्त्यावर होता. "दार उघडून ठेवा मॅडम," तो म्हणाला, "अब्बाले आष्टीकडून घेऊन येऊन राह्यले..." कोण घेऊन येतंय, कशाला घेऊन येतंय, हे मी विचारलं नाही. जो माणूस आपल्या पायांनी घरी येणार असतो त्याच्यासाठी दार उघडून ठेवा असं कोणी शेजाऱ्याला सांगत नाही. शेंगा सुपात तशाच ठेवून मी चावी आणायला उठले. ती नेहमीच्या जागी होती, तरी मला सापडायला वेळ लागला.

त्याला आता काही आठवडे झाले. पोंभुर्ण्यात याकूबभाऊंना ओळखत नाही असं घर नाही. पण खरं सांगायचं तर त्यांना त्यांच्या नावानं फार थोडे लोक ओळखत. 'बांगडीवाल्या बाईचा माणूस' ही त्यांची ओळख. बांगडीवाली बाई म्हणजे त्यांची बायको, झुबेदा. घराणं मनियारांचं, बांगड्या भरण्याचा धंदा वाडवडिलांपासूनचा. आजूबाजूचे सगळे आठवडी बाजार ही दोघं करायची. एक दिवस गोंडपिपरी, एक दिवस मूल, एक दिवस नदी ओलांडून आष्टी आणि त्याच्या पलीकडची खेडी. त्यांच्याकडे जुन्या जमान्यातली टू-स्ट्रोक मोटरसायकल होती. तिच्या मागे लोखंडी चौकट वेल्डिंग करून घेतलेली, त्या चौकटीत बांगड्यांची पेटी. पेटी आणि याकूबभाऊ यांच्यामध्ये झुबेदा एका बाजूनं पाय सोडून बसायची, एक हात नवऱ्याच्या खांद्यावर आणि एक हात मागे पेटीवर. खड्डा आला की खांद्यावरचा हात सुटायचा, पेटीवरचा कधी सुटायचा नाही, असं याकूबभाऊ हसत सांगत.

त्या गाडीचा आवाज असा होता की धानाच्या बांधीत वाकलेल्या बायांना तो शिवारापलीकडून कळायचा. रोवणीच्या दिवसांत चिखलात हात घालून घालून बांगड्या फुटतात. मग बांधावरच दुकान मांडलं जाई. बाया नहरात हात धुऊन यायच्या आणि झुबेदासमोर बसायच्या. ती हात हातात घ्यायची, जरा चोळायची, आणि ज्या बाईचा हात तिच्या मांडीवर असेल तिच्याशीच बोलत राहायची. सासू कशी आहे, पोरीचं जमलं का, मागच्या वेळी पोट दुखत होतं ते राहिलं का. बोलता बोलता बांगड्या चढलेल्या असायच्या. याकूबभाऊ पेटीतून रंग काढून देत, आणि तेवढंच करत. ते फारसं बोलत नसत. बोलण्याचं खातं झुबेदाकडे होतं.

माझ्याशीही तिनंच ओळख केली. मी आणि माझे यजमान, दोघंही शाळेत शिक्षक, बदली होऊन इथे आलो आणि त्यांच्या शेजारी घर घेतलं. पहिल्याच दिवशी ती भाकरीचं पीठ मागायला आली, आणि नंतर कळलं की तिच्या घरी पीठ होतं. यजमान गेले तेव्हा रीतीप्रमाणे माझ्या हातातल्या बांगड्या काढल्या गेल्या. शाळेत फळ्यावर लिहिताना माझा हात मलाच परका वाटे. काही महिन्यांनी एक दिवस झुबेदा आली, माझ्यासमोर बसली, नेहमीसारखी सासर-माहेरची चौकशी करत माझा हात हातात घेतला, आणि मी सावध व्हायच्या आत दोन साध्या तपकिरी बांगड्या चढवून मोकळी झाली. "लोकं काय म्हणतील?" मी म्हणाले. "म्हणाव, झुबेदानं भरल्या," ती म्हणाली. कोणी काही म्हटलं नाही. तिच्या नावाचा तेवढा वचक होता.

दोन-तीन वर्षांपूर्वी झुबेदा आजारी पडली. आधी चंद्रपूर, मग नागपूर, मग पुन्हा घर. आजार पोटाचा होता आणि उशिरा कळला, एवढंच मी इथे लिहिते. शेवटच्या दिवसांत ती मला म्हणायची, "मॅडम, याहीले बोलता नाई येत कोणाशी. तुम्ही बोलत जा." मी हो म्हटलं. त्यात अवघड काय आहे असं तेव्हा वाटलं होतं.

अवघड होतं. झुबेदा होती तोवर दोन्ही घरांची दारं दिवसभर उघडी असायची, कोण कोणाच्या स्वयंपाकघरात आहे याचा हिशेब नव्हता. ती गेल्यावर कोणी दार लावलं नाही, कोणी काही बोललंही नाही. पण याकूबभाऊ माझ्या फाटकाच्या आत यायचे थांबले आणि मीही त्यांच्या ओट्यावर जाईनाशी झाले. एकटी बाई, एकटा माणूस, आणि गाव लहान. आम्ही कुंपणाच्या भिंतीशी उभं राहून बोलायला लागलो, तेही इतक्या मोठ्यानं की गल्लीतून जाणाऱ्याला सगळं ऐकू जावं. इतक्या मोठ्यानं माणूस काय बोलणार? पाणी आलं का, वीज गेली का, आज ऊन किती आहे. चार वाक्यं झाली की ते म्हणत, "बरं मॅडम," आणि आत जात. मग त्यांच्या घरातून भांड्यांचा आवाज यायचा. ते स्वतःपुरता भात टाकत.

धंदा त्यांनी सोडला नव्हता. तिचा चाळिसावा दिवस उरकल्यावर एकटेच पेटी घेऊन बाजार करायला लागले. पण महिन्याभरात त्यांचं जाणं विरळ झालं. सकाळी पेटी बांधायचे, गाडी फाटकाबाहेर काढायचे आणि परत आत घ्यायचे. एकदा गोंडपिपरीला निघाले ते अर्ध्या वाटेवरून परत आले. तब्येत बरी नाही का, मी विचारलं. "तब्येतीले काय झालं," ते म्हणाले. नंतर पेटी घरातच राहायला लागली.

आणि मग अचानक त्यांनी जाहीर केलं की जुनी गाडी देऊन नवी घ्यायची. साधी नाही, तर सध्या तरुण पोरं घेतात तसली. दिसायला जुन्या काळची, गोल दिवा, फुगीर टाकी, चकचकीत चाकं, आतलं सगळं मात्र नवं. गल्लीत लोकांना विषय मिळाला. म्हातारपणी शौक सुचला म्हणाले. बायकोला वर्ष झालं नाही तर, असंही कोणी म्हणालं. इम्राननं मला फोन केला, "मॅडम, तुम्ही समजावा ना. अब्बानं स्कूटी घेतली तं मी समजू शकतो. हे काय?" मी भिंतीशी जाऊन म्हटलं, "इम्रान काळजी करून राह्यला." याकूबभाऊ म्हणाले, "करू द्या." झुबेदा गेल्यानंतर प्रथमच त्यांचा आवाज मला ठाम वाटला.

ते गाडी घ्यायला गेले त्या दिवशी मी डोळे दाखवायला चंद्रपूरला गेले होते. दुपारी त्यांचा फोन आला. "मॅडम, तुमचं काम झालं का? मंग जरा इकडं येता का? मी शोरूममध्ये आहो... एकट्याले बरं नाई वाटून राह्यलं." मी ऑटो करून गेले. शोरूममध्ये थंडगार हवा, काचेसारखी फरशी, आणि याकूबभाऊ चपला बाहेर काढून अनवाणी बसलेले. चपला काढायच्या नसतात हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल आणि त्यांनी ऐकलं नसेल. मागच्या आवारात शोरूमचा एक माणूस त्यांची जुनी गाडी तपासत होता. त्यानं टायर पाहिले, टाकी ठोकली, मागच्या चौकटीला हात लावून विचारलं, "चाचा, हे लोखंड कशाचं?" "पेटीचं आहे," याकूबभाऊ म्हणाले. "काढून टाकावं लागन." "काढा." मग त्या माणसानं सीटवर हात फिरवला. सीटचा मागचा भाग डाव्या बाजूला पार दबलेला होता. इतकी वर्षं एकाच बाजूनं पाय सोडून बसल्यानं स्पंज तसाच बसला होता. "सीट तिरपी आहे," तो म्हणाला.

कागदपत्रं व्हायला वेळ होता. आम्ही आवारातल्या बाकड्यावर बसलो. इथे आम्हाला ओळखणारं कोणी नव्हतं, आणि कितीतरी दिवसांनी आम्ही हळू आवाजात बोललो. मी म्हटलं, "याकूबभाऊ, चांगली चालत होती ना गाडी. काऊन देऊन राह्यले?" त्यांनी अनवाणी पाय बाकड्याखाली ओढून घेतले. मग म्हणाले, "मॅडम, ह्या गाडीचा आवाज आला का बाया बाहेर येतात. माह्याकडे नाई पाहत, माह्या मागं पाहतात. मंग विचारतात, बाई कुठी आहे? काऊन नाई आली? मी सांगतो. त्या रडतात, मले पाणी देतात. मी पेटी बांधून पुढच्या गावाले जातो, तिथीबी आवाज ऐकून बाया बाहेर येतात..." ते थांबले. "एका दिवसात तिले किती येळा मारू मी, मॅडम?"

इतकी वर्षं मुलांना मराठी शिकवली, आणि एक शब्द मिळेना.

"नव्या गाडीवर मले कोणी ओळखणार नाई," ते म्हणाले. "डोक्यावर टोप घातला का झालं."

जुनी गाडी मागच्या शेडमध्ये न्यायची होती. शोरूमच्या माणसानं किक मारली, पुन्हा मारली, ती सुरू होईना. ढकलत न्यायला दुसऱ्या कोणाला तरी हाक मारणार तोच याकूबभाऊ अनवाणी उठले. त्यांनी रुमालानं टाकी पुसली, सीट पुसली, एका बाजूला रेलून हलकीच किक मारली. गाडी सुरू झाली. तो आवाज त्या आवारात इतका मोठा वाटला की आतली गिऱ्हाइकं वळून पाहायला लागली. मिनिटभर त्यांनी तिला तसंच चालू ठेवलं, मग हँडल त्या माणसाच्या हातात दिलं आणि पाठ फिरवली. गाडी शेडमध्ये जाऊन बंद होईपर्यंत ते भिंतीकडे तोंड करून उभे होते.

नव्या गाडीला हार घातला होता. काळपट हिरवा रंग, देखणी गाडी, नाही म्हणवत नाही. पण बसायला जागा एकाच माणसाची. त्यामागे नुसतं उघडं मडगार्ड. "दोन सीटचीबी मिळते," विकणाऱ्या तरुणानं मला सांगितलं, "पण चाचाच म्हणाले एकाची द्या." मग त्यानं फोटोसाठी याकूबभाऊंच्या हातात मोठी पुठ्ठ्याची किल्ली दिली आणि मला म्हणाला, "आंटी, तुम्हीपण या ना, चाचाच्या बाजूला उभ्या राहा." मी म्हटलं, "मी शेजारीण आहे." तो ओशाळला, सॉरी म्हणाला. याकूबभाऊ टोपाचा पट्टा लावण्यात गुंतल्यासारखे खाली पाहत राहिले. फोटोत ते एकटेच आहेत, डोळे किल्लीकडे.

मी बसनं निघाले. मागच्या काचेजवळची जागा मिळाली. शहर सुटून जंगल सुरू झालं तसं पाहते तो मागे गोल दिवा. रस्ता मोकळा होता, नवी गाडी सहज पुढे गेली असती, पण ती बसच्या मागेच येत राहिली. बस थांब्यावर थांबली की तीही मागे थांबायची. जंगलात वाघाचं भय आहे, संध्याकाळी एकटं जाऊ नये, म्हणून असेल. मी काचेतून हात हलवला. टोपामुळे त्यांनी पाहिलं की नाही कळलं नाही. शेजारी शेजारी राहणारी दोन माणसं एकाच रस्त्यानं, एकाच वेळी, एकाच गल्लीत परत येत होती, आणि मध्ये एका बसची पाठ होती...

पुढचे काही महिने याकूबभाऊ खूप फिरले. पेटी नाही, धंदा नाही. पण सवयीनं ज्या गावचा बाजार त्या गावाला जात. टोप घालून बाजारातून एक फेरी मारत, चहाच्या टपरीवर बसत, परत येत. कधी लांब जात, थेट सूरजागडच्या रस्त्याला. लोहखनिजाच्या ट्रकांच्या मागून येताना अंगावर तांबडी धूळ घेऊन येत आणि नळाखाली बसून तोंड धूत. सुरुवातीला ते खूश होते. "कोणीच नाई ओळखलं मॅडम," भिंतीशी येऊन सांगत, जणू लपाछपीत जिंकलेले. "चहावाल्यानं नवं गिऱ्हाईक समजून साखर विचारली. तीस वर्षं त्याच्या हातचा चहा प्यालो." मी हसत असे. हळूहळू त्यांचं सांगणं कमी झालं. "आज काय झालं?" मी विचारायची. "काई नाई. कोणी बोललं नाई." मग तेवढंही नाही. एक दिवस सकाळी गेले ते सूर्य कलल्यावर आले, आणि मला जाणवलं की दिवसभरात त्यांच्या तोंडून निघालेला पहिला शब्द ते मला उद्देशून बोलत होते. घसा खाकरून त्यांना तो काढावा लागला.

आणि मग ती गोष्ट घडली. आष्टीच्या बाजारात दुसऱ्याच एका बांगडीवाल्याच्या दुकानाशी ते उभे होते, टोप डोक्यावर. एक पोटुशी पोरगी सासूबरोबर हिरव्या बांगड्या भरायला आली होती. ओटी भरायची होती तिची. बांगडी चढेना, पोरगी हात ओढून घेत होती. सासू म्हणाली, "आपली बाई असती तं कळलं बी नसतं तुले. लई हलका हात होता तिचा. माह्या लग्नाच्या तिनंच भरल्या, तुह्या नवऱ्याच्या वेळच्याबी तिनंच." पोरगी म्हणाली, "आता काऊन येत नाई?" सासू म्हणाली, "काय माहीत माय. तिच्या माणसाले तोंड होतं का सांगाले? तोबी कुठी गेला कोण जाणे."

हे सगळं याकूबभाऊंनी त्या संध्याकाळी भिंतीशी उभं राहून मला सांगितलं. हळू आवाजात सांगितलं, गल्लीची पर्वा न करता. "तिचं नाव निघून राह्यलं होतं मॅडम, अन् मी हातभर अंतरावर उभा. तोंडातून शब्द नाई निघाला. मले वाटलं होतं गाडी बदलली म्हणजे लोकं तिले विसरतील, विचारणं बंद होईन. ते तिले नाई विसरले." भिंतीवरचा पोपडा त्यांनी नखानं काढला. "मलेच विसरले."

मी म्हटलं, "मग सांगा ना त्यांना."

"काय सांगू?"

"तिच्याबद्दल. तुम्हाले सोडून कोण सांगणार?"

ते आत गेले. त्या दिवशी भांड्यांचा आवाज आला नाही.

दुसऱ्या आठवड्यात ते मूलला जाऊन गाडीला मागची सीट लावून आले. आधी तिथल्या वेल्डिंगवाल्याकडे पेटीसाठी चौकट करायला सांगितली, तर तो म्हणाला, "चाचा, इतक्या सुंदर गाडीले वेल्डिंग करू? माह्यानं नाई होत." मग सीटच बसवली आणि तिच्यावर पेटी ट्यूबच्या पट्ट्यांनी आवळून बांधली. सगळी सीट पेटीनं व्यापली. नव्याकोऱ्या गाडीवर ती जुनी रंग उडालेली पेटी इतकी विजोड दिसायची की पोरं हसायची. याकूबभाऊ कोणाकडे न बघता निघाले.

ते गावोगाव काय बोलले ते मला थोडंथोडं कळलं. आवाज ओळखीचा नसल्यामुळे आता बाया आपणहून बाहेर येत नव्हत्या. त्यांनाच उतरावं लागे, टोप काढावा लागे, दारात जाऊन उभं राहावं लागे. ज्या माणसाला बोलता येत नाही असं त्याची बायको म्हणायची, तो माणूस दारोदार जाऊन म्हणत होता, "मी बांगडीवाल्या बाईचा माणूस. बाई नाई राह्यली." एका घरी म्हातारी त्यांच्या गळ्यात पडून रडली. एका घरी कोणी रडलं नाही, नुसतं जेवायला वाढलं. घरी आले की ते पार रिकामे झालेले असत, पायरीवर बसून राहत. पण दुसऱ्या बाजाराला पुन्हा जात. बांगड्याही भरत. हात त्यांचा झुबेदासारखा हलका नव्हता. बाया 'आई गं' म्हणायच्या आणि भरून घ्यायच्या.

त्याच दिवसांत एक सवय लागली. बाजाराला निघण्याआधी ते माझ्या फाटकाशी गाडी थांबवत. हाक मारत नसत. मी कापडी पिशवी नेऊन हँडलला अडकवायची, काय हवं ते सांगायचं नाही, त्यांनी विचारायचं नाही. संध्याकाळी पिशवी फाटकाच्या कडीला लटकलेली असे. पावसाळ्यात तिच्यात बांबूचे कोवळे वास्ते असत, दिवाळीनंतर शिंगाडे, कधी नुसता सांभाराचा, म्हणजे कोथिंबिरीचा, जुडा. मला एकटीला किती लागतं हे त्यांना कळत नसे, पिशवी नेहमी चौघांच्या घराइतकी भरलेली असायची. झुबेदा घेई तेवढं ते घेत असावेत.

त्या दिवशीही मी पिशवी अडकवली होती. थंडी सरत आली होती. त्यांनी मान हलवली आणि गेले. आष्टीच्या पलीकडच्या एका खेड्यातला बाजार होता. दुपारी एका बाईच्या हातात बांगड्या भरता भरता ते म्हणाले, "थांब माय जरा," आणि पेटीला टेकून बसले. बाईला वाटलं थकले. तिनं पाणी आणेपर्यंत संपलं होतं. गावचे लोक म्हणाले की त्यांच्याभोवती बाजारातल्या बाया बसून होत्या, त्यांना नेणारी गाडी यायला उशीर झाला तरी उठल्या नाहीत. त्यांचं नाव कोणाला येत नव्हतं. फोनमध्ये पाहून इम्रानला लावला तेव्हा सांगणाऱ्यानंही म्हटलं म्हणे, "आमच्या बांगडीवाल्या बाईच्या माणसाबद्दल बोलून राह्यलो."

संध्याकाळी त्यांना आणलं. त्यामागून त्याच गावची दोन माणसं त्यांची मोटरसायकल घेऊन आली, पेटी तशीच बांधलेली. हँडलला माझी पिशवी होती, भरलेली. त्यांनी बाजारात गेल्या गेल्याच माझी भाजी घेऊन टाकली होती. वालाच्या शेंगा, वांगी, मिरच्या, सांभार. मी पिशवी काढून घेतली. गर्दीत कोणाचं लक्ष नव्हतं.

मय्यत झालेल्या घरी तीन दिवस चूल पेटत नाही, शेजाऱ्यांनी जेवण द्यायचं असतं. सगळी पुरुष मंडळी कब्रस्तानाकडे गेल्यावर मी माझ्या स्वयंपाकघरात गेले आणि पिशवीतल्या शेंगा निवडायला घेतल्या. वांगी-शेंगांची भाजी केली, मोठ्या पातेल्यात भात टाकला. दुपारी दार उघडायला गेले ते सोडलं तर झुबेदा गेल्यापासून पहिल्यांदा मी त्यांच्या ओट्यावर चढले ती ते पातेलं घेऊन. इम्रान आणि आलेले पाहुणे जेवले. त्यांच्या घरातल्या मिठापेक्षा माझ्या हातचं मीठ नेहमी कमी असे, याकूबभाऊ कधी बोलले नव्हते पण झुबेदानं मला सांगितलं होतं. त्या दिवशी मी मुद्दाम जरा जास्त घातलं.

चाळिसाव्यापर्यंत घर बंद ठेवून इम्रान नागपूरला गेला. गाडीचं काय करायचं हे त्याचं अजून ठरत नाही. विकायला मन होत नाही, न्यायला जागा नाही. जाताना मला म्हणाला, "मॅडम, एक काम सांगू का? आठवड्यातून एकदा चालू करत जा. नाई तं बॅटरी उतरते." मी आयुष्यात सायकलही चालवली नाही. त्यानं दाखवलं, किल्ली इथे, बटण इथे, गिअर नाही ना ते या हिरव्या दिव्यावरून पाहायचं.

म्हणून बाजाराच्या दिवशी सकाळी मी त्यांच्या अंगणात जाते. वरचा ताडपत्रीचा पडदा काढते. किल्ली फिरवते, हिरवा दिवा पाहते, बटण दाबते. पहिल्यांदा दचकले होते, आता दचकत नाही. आवाज खोल आहे, जुन्या गाडीसारखा नाही. पाच-दहा मिनिटं चालू ठेवायची असं इम्राननं सांगितलंय, मी जरा जास्त ठेवते. तोवर मी बाजूला उभी राहते, टाकीवर हात ठेवून. थंड असलेली टाकी हळूहळू कोमट होते. मागच्या सीटवर पेटीचे चार कोपरे रुतल्याच्या खुणा आहेत.

मागच्या खेपेला समोरच्या घरची सून ओट्यावर येऊन पाहत होती. "मॅडम," ती म्हणाली, "कुठी जाचं नाई तं काऊन चालू करून राह्यल्या?"

"बॅटरी उतरते," मी म्हणाले.